दुखरा हात जागा असतो

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर माझ्या उजव्या खांद्याचं चित्र काढून दाखवलं. वाटीत बसवलेला चेंडू, आणि वाटीची एका बाजूची कड झिजलेली. चेंडू इथून निसटतो, म्हणाले, आपण ती कड दोऱ्याने शिवून टाकू. मग सहा आठवडे हात गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यात. उचलायचं नाही, ताणायचं नाही, हात बाजूला न्यायचा नाही. शिवण सुटली तर दुसऱ्यांदा शिवायला कड उरेलच असं नाही, हेही त्यांनी पेनाला टोपण लावता लावता सांगून टाकलं.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. घरात वीस महिन्यांची मुलगी असेल तर काय करायचं, एवढंच विचारायचं राहिलं.

खांदा पहिल्यांदा निसटला तो उल्हासनगरच्या कॉलेजात, कबड्डीत पकड करताना. तेव्हा हसण्यावारी नेला. दुसऱ्यांदा कपडे वाळत घालताना. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा माझ्या हातात जिज्ञासा होती, नुकती आंघोळ घातलेली, साबणाने बुळबुळीत. मी गुडघ्यांवर बसले आणि डाव्या हाताने तिला छातीशी दाबून धरलं, असं दिपेश सांगतो. मला त्यातलं काही आठवत नाही. ती पडली नाही, हे मला नंतर कळलं. आपण तिला कशी धरली हेच आठवत नाही, ही गोष्ट मनातून जात नव्हती. म्हणून मी ऑपरेशनला हो म्हटलं.

दुखेल, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. रात्र इतकी लांब असते हे कुणी सांगितलं नव्हतं. दाढ दुखते तेव्हा त्या दुखण्याला दाढेपुरती जागा असते. ह्याला मानेपासून कोपरापर्यंत मोकळं मैदान होतं. आडवं झालं की खांद्याचं वजन मागे पडायचं आणि आतून कुणीतरी शिवण उसवायला बसल्यासारखं वाटायचं. म्हणून मी खुर्चीतच झोपायचे, म्हणजे बसायचे. पाठीला दोन उशा, कोपराखाली एक, मांडीवर एक. समोर पलंगावर जिज्ञासा आणि दिपेश. मी तिचे श्वास मोजायचे. शंभर झाले की पुन्हा एकपासून. कधी बर्फाची पिशवी, कधी मोबाइलवर आवाज बंद करून कुणाच्या तरी स्वयंपाकाचे व्हिडिओ. पहाटे कुळगावातल्या कोंबड्यांनी सुरुवात केली की मला हायसं वाटायचं. कोंबडे आरवले म्हणजे आता झोपायची जबाबदारी संपली.

पण न झोपलेलं शरीर आपली वसुली कधीतरी करतंच. माझं शरीर ती दुपारी करायचं.

आई, म्हणजे माझी आई, पहिले आठ दिवस अंबरनाथहून येऊन राहिली. मग तिला जावं लागलं, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. दिपेशची एमआयडीसीत दुसरी पाळी, तो एकला निघायचा तो मध्यरात्री यायचा. राहिल्या सासूबाई. द्रौपदीबाई म्हटलं की आमच्या आगरी समाजात बदलापूरपासून पार शहाडपर्यंत लोक ओळखतात, कारण त्या धवलारीण आहेत. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवलारीण धवले गाते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि ती गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही. मे महिन्यात त्यांना एक दिवस मोकळा नसतो. सुपारी घेतली की नाही म्हणायचं नाही, मग अंगात ताप असो की घरात आजारी सून. त्या तीनच्या सुमाराला सूप, हळदीची वाटी आणि अक्षता घेऊन निघायच्या, दिवेलागणीला घसा बसवून परतायच्या. निघताना दर वेळी विचारायच्या, ऱ्हाशील ना? मी हो म्हणायचे. शिकलेली सून आहे, दुपारचे चार तास स्वतःच्या पोरीला सांभाळू शकत नाही, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

दहाव्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसून जिज्ञासाला पुस्तकातला हत्ती दाखवत होते. पुढचं मला आठवतं ते थेट पाण्याचा आवाज. चुबुक, चुबुक. फार गोड आवाज होता, आणि मी झोपेतच त्याच्यावर खूश झाले. मग कळलं की तो बाथरूममधून येतोय.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. बाथरूमच्या कोपऱ्यात निळं पिंप असतं, माझ्या कमरेएवढं, कायम काठोकाठ भरलेलं. त्याचं झाकण तडकलेलं. जिज्ञासा सासूबाईंच्या आंघोळीच्या स्टुलावर चढून पोटावर ओणवी झाली होती. पाय स्टुलावरून सुटले होते. अर्धं अंग पिंपाच्या काठावरून आत होतं आणि ती तळहाताने पाण्याला थापट्या मारत होती. मी डाव्या हाताने फ्रॉक धरून तिला मागे ओढली. तिला खेळ मोडल्याचा राग आला. माझा दात ओठात रुतला होता, ते मला रक्ताची चव आल्यावर समजलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. दिपेशला एवढंच म्हटलं की बाथरूमची कडी तुटली आहे, बसवून घे. तो रविवारी बघतो म्हणाला. रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. पिंपावर ठेवायला दगडी पाटा होता, पण तो एका हाताने हलत नव्हता, आणि सासूबाईंना ठेवायला सांगितलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. शिवाय पिंप बंद झालं तरी गॅस होता, इस्त्री होती, मागचा जिना होता. घरातली प्रत्येक वस्तू मला त्या दिवसापासून वेगळी दिसायला लागली. मी खुर्चीत बसून नजरेनेच मोजत राहायचे की तिला तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागेल आणि मला किती.

माझ्या दोन गोळ्या होत्या. एक साधी, आणि एक जोरदार, जिने गुंगी येईल असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती मी बंद केली. पाकिटातून काढायची आणि उशीच्या खोळीत टाकायची. झोप यायला नको होती ना. ती काही थांबली नाही. दुखणं मात्र असं वाढलं की रात्री मी ओढणीचा बोळा तोंडात धरून बसायला लागले, आणि दुपार आली की पुन्हा डोक्यात वाळू भरायची. मी उभी राहून पाहिलं, तोंडावर पाणी मारून पाहिलं. भिंतीला टेकले तर उभ्यानेच डुलकी लागली.

मग मी पट्टी शोधली.

सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची, चार बोटं रुंद, मऊ पडलेली. एक टोक जिज्ञासाच्या फ्रॉकच्या पट्ट्यात ओवून गाठ मारली, दुसरं माझ्या डाव्या मनगटाला. लांबी अशी की तिला खेळण्यांपर्यंत जाता यावं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नाही. ती लांब गेली की मला ओढ बसेल आणि मी जागी होईन. तिला गंमत वाटली. भूभू, भूभू, म्हणाली. आमच्या गल्लीतल्या पट्टा बांधलेल्या कुत्र्यासारखी.

त्या दुपारी मी जागी झाले तेव्हा माझा डावा हात खुर्चीच्या बाहेर सरळ ताणलेला होता, पट्टी तारेसारखी घट्ट, आणि जिज्ञासा टोकाला उभी राहून सगळं अंग पुढे टाकून ओढत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. किती वेळ ओढत होती कुणास ठाऊक. मला पत्ता नव्हता.

म्हणजे डावा हात उपयोगाचा नव्हता. तो माझ्याबरोबरच झोपायचा. आख्ख्या अंगात एकच जागा अशी होती जी कधी झोपत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ते टोक उजव्या हाताला बांधलं, गळ्यातल्या पट्ट्याच्या कोपराजवळच्या कडीत.

हे लिहिताना किती वेडेपणाचं वाटतं ते मला दिसतंय. तेव्हा ते मला अगदी शास्त्रशुद्ध वाटलं होतं.

आणि ते चाललं. जिज्ञासा दोन पावलं जास्त गेली की खांद्यात पांढरा लख्ख उजेड पडायचा आणि मी डोळे उघडून बसायचे, घामाने भिजलेली, पूर्ण जागी. एका दुपारी चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी पहिला विचार, ती आहे. दुसरा विचार, शिवण आहे का? पुन्हा झोप यायची, पुन्हा ओढ. पट्टी सासूबाई यायच्या आत सोडून उशीखाली ठेवायचे.

फिजिओथेरपीसाठी उल्हासनगरला गेले तेव्हा तिथल्या सिंधी मॅडमनी पट्टा सोडून खांद्याभोवती बोटं फिरवली आणि थांबल्या. सूज उतरायला हवी होती, ती चढली होती.

"हाथ खींचा क्या किसी ने?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. रिक्षात धक्के बसतात, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, ऐसे चला तो फिरसे टेबल पे जाना पड़ेगा, बेटा. परत येताना मी रिक्षात हिशोब मांडत बसले. हात गेला तर आयुष्यभर तिला उजव्या हाताने उचलता येणार नाही. हात वाचवायचा तर दुपारी ती मोकळी. रिक्षा कुळगावात शिरेपर्यंत माझं ठरलं होतं. पट्टी राहणार होती.

अठराव्या दिवशी दिपेशला उशीच्या खोळीत गोळ्या सापडल्या. खोळ धुवायला काढली आणि त्या फरशीवर टपटप पडल्या, सात की आठ. तो ओरडला नाही. रात्रभर तुझं कण्हणं ऐकत पडतो, म्हणाला, आणि तू हे करतेस. मी त्याला सांगायला तोंड उघडलं. पण पिंप सांगायचं म्हणजे झोप सांगायची, झोप सांगायची म्हणजे पट्टी. मी तोंड मिटलं. त्याने पाण्याचा ग्लास भरला, नवीन गोळी तळहातावर ठेवली.

"माझ्यासमोर घे, शलाका."

मी घेतली. तो उंबऱ्यात बूट घालत बसला होता तोवर मी गोळी जिभेखाली धरायचा प्रयत्न केला, पण ती कडू होऊन विरघळली. तो गेला. अडीचला सासूबाई निघाल्या. त्या दिवशी हळद लांब नव्हती, दोन गल्ल्या सोडून हिरामण मास्तरांच्या मुलीची. ऱ्हाशील ना? हो.

दार लागल्याबरोबर मी पट्टी काढली. दोन गाठी तिच्या फ्रॉकला, दोन माझ्या कोपराशी, दाताने ओढून घट्ट केल्या. तिच्यापुढे चमचे आणि डबे मांडले. मग खुर्चीत बसले आणि गोळीची वाट पाहिली. ती पायांकडून आली.

जाग आली ती कशाने हे मला कळलं नाही. कुठे ओढ नव्हती. पंखा बंद होता, वीज गेली होती. खोलीत कोंदट अंधारासारखं झालं होतं. मोबाइलवर पाच वाजून दहा मिनिटं. खांद्यात दुखत नव्हतं, आणि दुखत नाही ह्याच गोष्टीने मी ताडकन सरळ बसले.

पट्टी माझ्या मांडीवर होती. व्यवस्थित चौपदरी घडी घातलेली. वीस महिन्यांचं मूल घडी घालत नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त तिचं मोकळं टोक दिसलं.

चमचे होते, डबे होते. जिज्ञासा नव्हती. मी हाक मारली. पलंगाखाली पाहिलं. दार ओढलेलं होतं, म्हणजे ती घरातच होती. मोबाइल पुन्हा पाहिला, कुणाचा मेसेज नाही, फोन नाही. पलंगावर तिची छोटी उशी होती, आणि उशीच्या बरोबर मधोमध पिवळे तांदूळ पडले होते. चिमूटभर. जमिनीवरही दोन-चार दाणे, एक इथे, एक पुढे, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

सासूबाईंच्या अक्षतांची पितळी वाटी स्वयंपाकघरात खालच्या फळीवर असते. त्या फळीच्या शेजारी बाथरूमचं दार. मी दाणे पाहिले आणि माझ्या डोक्यात तिचा सगळा रस्ता उमटला. गाठ सुटली, ती वाटीपाशी गेली, मुठीत तांदूळ घेऊन आली, उशीवर ठेवले, परत गेली. परत गेली, आणि नंतर आवाज नाही.

बाथरूममध्ये काळोख होता. स्टूल पिंपाला लागून उभं होतं. झाकण बाजूला. पाणी काळं आणि एकदम स्थिर. मी ओणवी झाले, डावा हात घातला, पण पोटाशी बांधलेला उजवा आडवा येत होता, तो तळाला पोचेना. मग पट्ट्याचा चिकटपट्टा फाडकन सोडला आणि उजवा हात घातला, खांद्यापर्यंत, गालापर्यंत, पाणी कानात गेलं. दुखलं असेल. मला माहीत नाही. तळाशी माझ्या बोटांना कापड लागलं.

मऊ, सुती, फुगलेलं कापड. मी मूठ आवळली आणि उजव्या हाताने ते वर ओढलं.

पाणी गाळायचं फडकं होतं. मी ते हातात धरून उभी राहिले, त्यातून पाणी गळत होतं, आणि माझ्या तोंडातून कसलातरी आवाज येत होता. पुन्हा हात घातला. सगळा तळ चाचपला. काही नव्हतं. मागचा जिना पाहिला. गॅसखालचं कपाट उघडलं. आणि मग वीज गेल्यामुळे जो शांतपणा झाला होता त्यातून दोन गल्ल्यांपलीकडून सासूबाईंचा आवाज आला, माइकशिवाय, उंच, लांबलचक. मी त्या आवाजाकडे पळाले. अनवाणी, उजवा हात डाव्याने पोटाशी धरून, अंगावरून पाणी निथळत.

मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. मध्ये पाटावर नवरी, समोर सासूबाई सूप घेऊन, आणि त्यांच्या बाजूला बकुळाबाई, ज्या त्यांची ओळ झेलतात. बकुळाबाईंच्या मांडीवर जिज्ञासा बसली होती. दोन्ही गाल हळदीने माखलेले. तोंडात बत्तासा.

मी खांबाला धरून उभी राहिले. खाली बसलं तर ती दिसणार नाही म्हणून मी बसले नाही.

सासूबाईंनी मला पाहिलं. मोकळा लोंबणारा हात पाहिला, ओले केस, मुठीतलं फडकं. त्यांच्या डोळ्यांत सगळं उतरलेलं मला दिसलं. आणि त्या गातच राहिल्या. देवांना बोलावण्याचा धवला चालू होता. तो मध्येच सोडता येत नाही. अर्ध्या हाकेवर आलेला देव मांडवाच्या दारात ताटकळतो म्हणतात, धवलारणीने ओळ सोडली तर ते नवरीच्या डोक्यावर बसतं. गावदेवीला हाक झाली. मग शेताच्या बांधाला. मग विहिरीला, नदीला, घराच्या चुलीला. प्रत्येक नाव सासूबाई उचलायच्या, बकुळाबाई झेलायच्या, आणि सासूबाईंची नजर माझ्यावरून हलत नव्हती. त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. सुपातले दाणे मात्र वाजत होते. ती आठ-दहा मिनिटं असतील. मी आयुष्यात इतका वेळ कधी उभी राहिले नाही.

शेवटची हाक झाली, सूप खाली ठेवलं गेलं, आणि त्या उठून बायकांमधून वाट काढत आल्या.

"तू उठलीस कंला गो?" त्यांनी विचारलं. घसा फाटलेला होता. "निजली व्हतीस. इतक्या दिसांनी तुजा डोला लागला व्हता. मी इसरलेलं सूप न्याला आयली न पोरीला घेऊन गेली. उशीवर अक्षता ठेवल्या ना तुज्यासाठी."

मला काही समजेना. मग समजलं. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं करायला घरोघर फिरतात, आणि घरी कुणी नसलं किंवा निजलेलं असलं तर उंबऱ्यावर अक्षता ठेवून जातात. घरचे परत आले की बघतात, बोलावणं येऊन गेलं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अक्षता अशाच अर्ध्या कुळगावच्या उंबऱ्यांवर पडल्या होत्या. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी आपल्या परीने चिठ्ठी ठेवली होती, पोरीला हळदीला बोलावलंय, तू जागी झालीस की ये. आणि मी मोबाइल उघडून बघत होते.

मी त्यांना फडकं दाखवलं. पिंप, एवढंच म्हटलं.

त्यांनी फडकं हातातून घेतलं. मग माझ्या कोपराजवळची पट्ट्याची कडी चाचपली, जिथून त्यांनी ती गाठ सोडली होती.

"दुकतं त्याच हाताला बांदलंवतंस," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. "मना एकदा बोलायचं व्हतंस."

"तुमची सुपारी घेतलेली होती," मी म्हटलं.

त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, पोरांचं पुसतात तसं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हात तपासला. खांदा जागेवर आहे म्हणाले, दोरा ज्यांना अडकवलाय ते हाडातले खिळे एक्स-रेमध्ये ठीक दिसताहेत, पण शिवणीचं आत्ता सांगता येणार नाही. सहा आठवडे झाले की कळेल. मी त्यांना सगळं सांगितलं, पट्टी, पिंप, सगळं. दिपेश शेजारी बसला होता. त्यालाही ते तिथेच पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता बाथरूममध्ये गेला, कडी बसवली, आणि पिंपावर पाटा ठेवला. मग बराच वेळ तिथेच स्टुलावर बसून राहिला.

त्या दिवसापासून जिज्ञासा हळदीला जाते. दुपारी अडीचला तिचे केस विंचरले जातात, काजळ लागतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी उशीखालून ती लुगड्याची पट्टी मागून घेतली. एक टोक पोरीच्या फ्रॉकला, एक स्वतःच्या कमरेला खोचलं. बकुळाबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या की द्रौपदे, आता तुलाच कोणीतरी धरायला पायजे. सासूबाई म्हणाल्या, धवला चुकला तर पोरगी वढंल. निघताना त्यांनी मला विचारलं नाही, ऱ्हाशील ना. नुसती गोळी आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि मी गिळेपर्यंत उभ्या राहिल्या.

दार ओढलं गेलं. घर रिकामं झालं. मला वाटलं होतं आता झोप धावत येईल. पण मी खुर्चीत बसून घराचा प्रत्येक आवाज ऐकत होते, नळाचा थेंब, पंख्याची कटकट, आणि खांद्यात तो जुना ठोका पडत होता, आत कड धरून आहे की नाही ते न सांगता. गोळी पायांकडून यायला लागली. मी डोळे मिटले आणि उघडले. उजव्या कोपराशी हात नेला. तिथे काही बांधलेलं नव्हतं.

मी उठले. पलंगापाशी गेले. तिच्या छोट्या उशीवर मधोमध पिवळे तांदूळ होते, चिमूटभर. ठेवताना मी पाहिलं नव्हतं. ते काय आहे हे आता मला वाचता येत होतं.

तरी मी बाथरूमपर्यंत जाऊन आले. कडी लागलेली होती. ती काढली, पाटा पाहिला, पाट्यावर डावा हात ठेवून तो हलत नाही ना ते दाबून पाहिलं. मग पुन्हा कडी लावली आणि खुर्चीत येऊन बसले. लांबून सासूबाईंचा आवाज सुरू झाला होता. आधी त्यांची ओळ, मग बकुळाबाईंची. मी एक-एक ओळ मोजत राहिले. शंभरपर्यंत पोचले की नाही ते आठवत नाही.